आधी घड्याळजी शोधा, मग जुनं स्विस घड्याळ

एप्रिलमध्ये आमची शाळा सकाळची असते. साडेअकराला सुटते, आणि मग डोक्याला दुपट्टा गुंडाळून वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीपर्यंत अठरा किलोमीटर मोटरसायकल. माझं पहिलं जुनं स्विस घड्याळ मी अशाच एका उन्हाळ्यात रोज घातलं. पंधरा-वीस दिवसांनी पट्टा सोडला तर मनगटावर गोल हिरवट डाग, पितळी भांड्याला कळंक चढावा तसा. घड्याळ उलटं करून पाहिलं. मागे बारीक अक्षरांत कोरलं होतं 'स्टेनलेस स्टील बॅक'. घेताना मी 'स्टेनलेस स्टील' एवढंच वाचून खूश झालो होतो. स्टीलचं होतं फक्त मागचं झाकण. बाकी केस, म्हणजे घड्याळाचं बाहेरचं कवच, पितळेची, वर क्रोमचा मुलामा, आणि तो मुलामा माझ्या घामानं पट्ट्याकडून पार खाऊन टाकला होता.

त्यानंतर बारा वर्षांत पाच-सहा घड्याळं घेतली, दोन विकली, एकात फसलो. त्या अनुभवावरून हे लिहितोय. शहरातला शौकीन कपाटात ठेवायला घड्याळ घेतो, त्याची गोष्ट वेगळी. इथे प्रश्न रोज घालायच्या घड्याळाचा आहे, तेही मे महिन्यात पंचेचाळीस अंशांवर पारा जातो, रस्त्याला धूळ असते आणि पावसाळ्यात बाहीतून पाणी ओघळतं अशा मुलखात.

सुरुवात दुकानातून नको, दुरुस्तीपासून करा

कुठलं घड्याळ घ्यावं, हा पहिला प्रश्न नाहीच. ते बंद पडलं तर कोण उघडणार, हा पहिला. चावीचं आणि ऑटोमॅटिक (मनगट हललं की आपोआप चावी बसणारं) घड्याळ दर चार-पाच वर्षांनी पूर्ण खोलून, धुऊन, नवं तेल घालून घ्यावं लागतं. तालुक्याच्या गावात आता बहुतेक जण सेल बदलतात आणि पट्टे विकतात. मशीन खोलून परत बसवणारा हात जिल्ह्याला एखाद-दुसरा उरलाय, तोही साठी उलटलेला. मला माझे घड्याळजी काका वर्ध्याला सापडले. तासा-दीड तासाचा रस्ता आहे, पण जातो.

घड्याळजी पारखायची एक सोपी रीत सांगतो. घरातलं बंद पडलेलं जुनं एचएमटी त्याच्याकडे टाका आणि सर्व्हिसिंग करायला सांगा. परत मिळाल्यावर दोन गोष्टी बघा. स्क्रूच्या खाचा नव्यानं चेचल्यात का, आणि घड्याळ चोवीस तासांत किती सेकंद पुढेमागे जातं. नुसतं पेट्रोलमध्ये बुचकळून फुंकर मारून दिलेलं घड्याळ आठवड्याभरात पुन्हा थांबतं. ज्यानं नीट करून दिलं, त्याला मग सरळ विचारा, 'काका, तुमच्याकडे कोणत्या मशीनचं सामान आहे?' त्यांचं उत्तर हीच तुमची खरेदीची यादी.

माझ्या काकांनी डबे उघडून दाखवले. ए. एस. आणि एटा या दोन स्विस कारखान्यांच्या मशीनचे चाकं, स्प्रिंगा, दांडे. ही मशीनं त्या काळी डझनावारी कंपन्या आपापल्या डायलखाली बसवत. म्हणून डायलवर नाव अनोळखी असलं तरी आत एटा असेल तर घाबरायचं कारण नाही. उलट नाव मोठं आणि मशीन दुर्मीळ असेल, तर एका तुटक्या स्प्रिंगसाठी घड्याळ वर्षभर डबीत पडून राहतं.

जुनं स्विस आपल्याला परवडतं कसं

२५ डिसेंबर १९६९ ला सेइको कंपनीनं जपानमध्ये 'अ‍ॅस्ट्रॉन' हे सेलवरचं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ बाजारात आणलं. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत स्वित्झर्लंडमधले कितीतरी कारखाने बुडाले. त्याआधीच्या वीस-पंचवीस वर्षांत बनलेली चांगली मशीनं मात्र जगभर पसरलेली होती. म्हणून १९५० ते १९७५ या काळातलं साधं, तीन काट्यांचं स्टीलचं घड्याळ आज त्याच कंपनीच्या नव्या घड्याळाच्या किमतीच्या एका तुकड्यात मिळतं. मी माझं टिसॉट चौदा हजारांना घेतलं. त्याच कंपनीचं नवं ऑटोमॅटिक तेवढ्यात येत नाही.

आपल्याकडे काय सापडेल, तेही सांगतो. फेवर ल्युबा ही १७३७ पासूनची स्विस कंपनी, पण भारतात तिचा व्यापार १८६५ पासूनचा. त्यामुळे तिची 'सी किंग', 'सी चीफ' ही घड्याळं विदर्भातल्या खेड्यांतसुद्धा पोचली. लग्नात जावयाला सायकल, ट्रान्झिस्टर आणि घड्याळ द्यायची रीत होती. ती घड्याळं अजून लोखंडी कपाटांत, रेशनकार्डाच्या पिशवीत पडून आहेत. वेस्ट एंड, रोमर, कॅमी, हेन्री सँडोझ ही नावंही निघतात. अशा घरातून घेताना एक पथ्य पाळा. म्हाताऱ्या आजीला 'बंदच आहे ना' म्हणून दोनशे रुपये हातावर ठेवू नका. बाजारभाव सांगा, मग घासाघीस करा. गाव लहान असतं, गोष्ट पसरते.

माझं मत विचाराल तर पहिल्या घड्याळासाठी क्रम असा लावेन. सगळ्यात आधी टिसॉटचं स्टील केसमधलं 'सीस्टार', कारण मशीन दणकट आहे आणि नाव ओमेगाएवढं चढं नसल्यानं भाव बेतात राहतो. त्यानंतर फेवर ल्युबा, पण डायलवर 'ट्विन पॉवर' लिहिलेलं असेल तर आधी घड्याळजीला विचारून. त्यात एकाऐवजी दोन स्प्रिंगांचे डबे असतात आणि ते मशीन येणारे हात कमी. ओमेगा घ्यायचीच हौस असेल तर साठीच्या दशकातलं 'जिनिव्ह' किंवा साधं 'सीमास्टर' बघा. चावीचं ६०१ आणि ऑटोमॅटिक ५६५ ही तिची मशीनं आजही ओळखीची आहेत.

राडोचं वेगळं सांगायला हवं, कारण आमच्याकडे 'राडो' म्हणजे श्रीमंतीच. १९६२ मध्ये आलेलं 'डायास्टार' टंगस्टन कार्बाइडच्या केसमध्ये असतं, त्यावर सहसा ओरखडा पडत नाही, घामाचंही त्याला काही वाटत नाही. पण कठीण वस्तू ठिसूळही असते. फरशीवर पडलं तर केसचा टवका उडतो किंवा काच तडकते. राडोच्या डायलवर लहानसा नांगर असतो, तो घड्याळ हलवलं की स्वतःभोवती फिरायला हवा. अडखळत असेल तर आतलं तेल सुकलंय, सर्व्हिसिंगचा खर्च किमतीतून वजा करा. नकली राडो मात्र इतकी फिरतात, की ओळखीच्या माणसाशिवाय मी हात लावत नाही.

केस: इथे घाई करू नका

आपल्या हवेत नाव आणि डायलच्याही आधी केस बघायची. झाकणावर नुसतं 'स्टेनलेस स्टील' किंवा 'ऑल स्टेनलेस स्टील' असेल तर उत्तम. 'स्टेनलेस स्टील बॅक' म्हणजे माझ्यासारखी फसगत. सोन्याच्या रंगाची केस असेल तर पट्टा जिथे जोडतात त्या शिंगांच्या मागे '२० मायक्रॉन' असा आकडा शोधा. तेवढा जाड मुलामा बरीच वर्षं टिकतो, पण शिंगांच्या कोपऱ्यांवर पितळ उघडं पडलं असेल तर दोन उन्हाळ्यांत ते पसरणारच. लग्नकार्यापुरतं घालायला हरकत नाही. रोजच्याला स्टीलच.

पट्टा काढून शिंगांच्या आतल्या बाजूला आणि झाकणाच्या कडेला बोटाची नखं फिरवा. घामानं स्टीलही खड्डे-खड्डे होतं, वरून पॉलिश मारलेलं असलं तरी तिथे नख अडकतं. झाकणाची कडच खाल्लेली असेल तर धूळ आणि ओल थेट मशीनमध्ये जाते. असं घड्याळ कितीही देखणं असो, सोडून द्या. स्क्रूनं फिरवून बंद होणारं झाकण दाबून बसणाऱ्यापेक्षा धुळीला जास्त पुरतं. कापूस वेचणीच्या दिवसांत हवेत तरंगणारी रुई आणि माती पाहिली असेल तर हे पटेल.

आकाराचं म्हणाल तर जुनी मर्दानी घड्याळं बहुतेक ३४-३५ मिलिमीटरची असतात. आमच्या शाळेतल्या एका पोरानं मला विचारलंच, 'सर, बाईची घडी घातली काय?' दोन-चार दिवसांत सवय होते.

डायल, आणि माझी फसगत

एका मोठ्या शहरातल्या दुकानातून मी ओमेगा घेतलं. पांढरंशुभ्र डायल, लकलकणारे काटे, पन्नास वर्षांपूर्वीचं असून जणू काल डबीतून काढलेलं. वर्ध्याला काकांनी डोळ्याला भिंग लावलं, मिनिटभर काही बोलले नाहीत आणि म्हणाले, 'सर, मशीन चांगलं हाय. पण तोंड रंगवलं हाय हिचं.' मग भिंग माझ्या हातात दिलं.

सहाच्या आकड्याखाली 'स्विस मेड' असतं. अस्सल डायलवर ती अक्षरं केसाएवढी बारीक आणि कडेला धारदार असतात. माझ्या घड्याळात त्यांची शाई फुगलेली होती, 'ई'च्या आडव्या रेघा एकमेकींत मिसळलेल्या. कडेच्या मिनिटांच्या रेघांपैकी आठवाजवळच्या दोन, बसवलेल्या आकडापट्टीच्या मध्यावर येण्याऐवजी बाजूला सरकलेल्या. 'ओमेगा' शब्दातली अक्षरं एका ओळीत नव्हती, शेवटचं किंचित वर. एकदा दिसल्यावर मला दुसरं काही दिसेना.

जुनं डायल खरवडून पुन्हा छापायचा हा धंदा आपल्या देशात इतका झाला, की जगभरचे शौकीन अशा घड्याळांना 'मुंबई स्पेशल' म्हणूनच ओळखतात. लाल, निळ्या, पोपटी रंगांची, दोन-तीन हजारांत मिळणारी चकचकीत सेइको आणि एचएमटी बहुतेक याच जातीची. घालायला ती चालतात, वेळही दाखवतात. पण अस्सल म्हणून अस्सलचे पैसे द्यायचे नाहीत. म्हणून माझा नियम असा आहे की डाग पडलेलं, थोडं पिवळं झालेलं मूळ डायल हे नव्यासारख्या डायलपेक्षा केव्हाही बरं. त्या ओमेगाचं मी पुढे काय केलं म्हणाल, तर रंगवलेलं आहे हे सांगून तोट्यात विकलं.

ओमेगाबद्दल आणखी एक खूण. मूळ प्लॅस्टिक काचेच्या बरोबर मध्यावर, आतल्या बाजूनं, टाचणीच्या टोकाएवढं ओमेगाचं चिन्ह असतं. भिंगातून, उजेड तिरपा धरून दिसतं. काच नंतर बदललेली असू शकते, तेव्हा ते नसलं म्हणून घड्याळ नकली ठरत नाही, पण असलं तर बरं वाटतं.

रात्री चमकणाऱ्या काट्यांबाबत सावध राहा. साठीच्या दशकापर्यंत त्यात रेडियम वापरत. ते आता चमकत नाही म्हणून निरुपद्रवी झालं असं समजू नका. चमकणारी पूड थकते, रेडियम मात्र निम्मं व्हायला १६०० वर्षं लागतात. झाकण बंद असलेलं घड्याळ घालण्याची गोष्ट निराळी, पण ते घरी उघडून काटे खरवडायचे नाहीत, फुंकर मारायची नाही. डायलच्या तळाशी 'स्विस'च्या दोन्ही बाजूंना 'टी' अक्षर असेल तर आत ट्रिटियम आहे. त्याचं आयुष्य बारा-साडेबारा वर्षांत निम्मं होत जातं, ते बहुतेक संपलेलंच असतं. मी पहिल्यासाठी न चमकणारंच डायल सुचवेन, कटकट नाही.

हातात घेतल्यावर

विकणाऱ्याकडे घड्याळ बंद असेल तर फार बरं. चावीचे तीन-चार वेढे द्या आणि हलवू नका. सर्व्हिसिंग केलेलं मशीन आपोआप चालू होतं. झटका देऊन चालू करावं लागलं तर तेल सुकलेलं. सेकंद काट्याकडे बघा. जुन्या मशीनमध्ये तो सेकंदाला पाच-सहा बारीक ठोक्यांनी सरकतो, ओमेगाच्या ५६५ मध्ये तासाला १९,८०० ठोके. सेकंदाला एकच उडी मारत असेल तर केस जुनी आणि आत सेलचं मशीन कोंबलेलं. हाही प्रकार पाहिलाय.

मग चावी ओढून काटे पूर्ण चोवीस तास फिरवा. कुठे घासत नाहीत ना, तारीख बाराच्या आसपास बदलते ना, बघा. ऑटोमॅटिक कानाशी धरून हळू कलंडवा. आतलं वजन फिरताना मऊ घरघर ठीक. खरखर आली तर ते झाकणाला घासतंय. झाकण उघडल्यावर त्याच्या आत गोल ओरखडा दिसेलच.

झाकण उघडून दाखवायला सांगायचंच. नाही म्हणाला तर उठून यायचं. आत तांबूस गंज कुठे आहे का, विशेषतः चावीच्या दांड्याभोवती. बॅलन्सच्या, म्हणजे पुढेमागे झुलणाऱ्या चाकाच्या, मध्यावरच्या खड्याभोवती लहानशी सोनेरी स्प्रिंग दिसली तर धक्क्यापासून संरक्षण आहे. त्यासाठीच डायलवर 'इन्काब्लॉक' लिहिलेलं असतं. मोटरसायकलवर फिरणाऱ्यानं ही सोय नसलेलं घड्याळ घेऊ नये, एकदा हातून पडलं की बॅलन्सचा नाजूक दांडा मोडतो. आणि झाकणाच्या आतल्या बाजूला सुईनं कोरलेल्या बारीक खुणा बघा. आधीच्या घड्याळजींनी सर्व्हिसिंगच्या वेळी टाकलेल्या तारखा आणि आद्याक्षरं. माझ्या टिसॉटमध्ये अशा चार आहेत. म्हणजे ते कोणीतरी वापरलं आणि वेळेवर सांभाळलं. खुणाच नसलेलं कोरं झाकण कधीकधी बदललेलं असतं.

घड्याळजीकडे टाइमग्राफर, म्हणजे ठोके ऐकून घड्याळाची चाल मोजणारं यंत्र, असेल तर त्यावर लावायला सांगा. बॅलन्सचा झोका पूर्ण चावीवर २७० अंशांच्या आसपास असला तर ठणठणीत, २२० च्या खाली असेल तर सर्व्हिसिंग लागणार. मोबाईलवरही माइकनं ठोके ऐकणारी अ‍ॅप आहेत, रात्री पंखा बंद करून वापरली तर अंदाज येतो. पन्नास वर्षांचं घड्याळ दिवसाला पंधरा-वीस सेकंद पुढेमागे गेलं तर मी तक्रार करत नाही.

ऑनलाइन घ्यायचं झालं तर हे सगळं फोटोत मागा. डायल समोरून, तिरपं नाही. उघडलेलं मशीन, झाकणाची आतली बाजू, पट्टा काढून शिंगं, आणि अर्ध्या मिनिटाचा चालता व्हिडिओ. परत घेणार का, ते मेसेजवर लिहून घ्या. पार्सल फोडताना आपण व्हिडिओ काढा.

पैसे ठरवताना

ठरवलेल्या रकमेचा पाचवा हिस्सा बाजूला काढून ठेवा. वीस हजारांचं बजेट असेल तर सोळाचंच घड्याळ. विकणारा 'नुकतीच सर्व्हिसिंग झाली' असं म्हणतोच, पण पावती दाखवत नाही. मी टिसॉट आणलं तसं सरळ काकांकडे टाकलं, अडीच हजार लागले.

रोजच्या वापरात

चामड्याचा पट्टा आपल्या घामात सहा महिन्यांत कुजतो, वासही येतो. नायलॉनचा एकसंध पट्टा घ्या, केसच्या खालून जाणारा. बहुतेक जुन्या घड्याळांना १८ मिलिमीटरचा बसतो, पण मोजूनच घ्या. एक पिन तुटली तरी घड्याळ दुसऱ्या पिनेवर लटकून राहतं, रस्त्यावर पडत नाही. रविवारी साबणानं धुवायचा, घड्याळ काढून.

चावी रोज सकाळी एकाच वेळी द्या, चहाच्या आधी. घट्ट लागली की थांबा. तारीख झटकन बदलायची सोय असलेल्या घड्याळात रात्री नऊ ते पहाटे तीन या वेळेत ती बदलू नका, दाते अडकलेले असतात आणि तुटतात. मोबाईलच्या चुंबकवाल्या कव्हरवर किंवा स्पीकरवर ठेवू नका. घड्याळ अचानक दिवसाला पाच-दहा मिनिटं पुढे जायला लागलं तर बहुधा चुंबकच लागलंय, घड्याळजी मिनिटात काढून देतो. काच प्लॅस्टिकची असते, तिच्यावरचे बारीक ओरखडे पांढऱ्या टूथपेस्टनं कापडानं घासले की जातात.

शेतात जाताना स्विस घरी. फवारणीच्या दिवशी तर मनगटावर काहीच नको, औषध पट्ट्यात मुरतं आणि कातडीला लागून राहतं. डवरणीला, निंदणाला मी एचएमटीचं 'जनता' घालतो. १९६१ मध्ये सिटिझनच्या मदतीनं बंगळुरूला सुरू झालेल्या कारखान्याचं घड्याळ. आपटलं, चिखलात पडलं तरी जीव हळहळत नाही आणि सामान कुठेही मिळतं.

पाण्याचं शेवटी सांगतो, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथेच होतं. डायलवर 'वॉटरप्रूफ' लिहिलेलं असलं तरी पन्नास वर्षांच्या घड्याळाला पाणी अजिबात सोसत नाही असंच धरून चाला. आतलं रबर कडक होऊन भुगा झालेलं असतं. जुलैच्या एका संध्याकाळी पुलावर पावसानं गाठलं, घरी येईपर्यंत काचेच्या आत वाफ धरली होती. मी ते रात्रभर तांदळाच्या डब्यात ठेवलं, मोबाईल ठेवतात तसं. दुसऱ्या दिवशी दुपारी वर्ध्याला पोचलो तोवर चावीचा दांडा तांबूस पडला होता. काकांनी फक्त मान हलवली. 'तांदूळ भाताले ठेवा सर. त्याच राती उघडून आणाचं होतं.' वाफ दिसली की झाकण त्याच दिवशी उघडलं पाहिजे, गावातल्या सेल बदलणाऱ्याकडून का होईना, आणि मशीन कोरड्या कागदात गुंडाळून घड्याळजीकडे. पंधरा जूनपासून माझ्या मोटरसायकलच्या डिकीत बियाण्याची एक रिकामी जाड प्लॅस्टिक पिशवी असते. ढग दाटले की थांबायचं, घड्याळ पिशवीत, पिशवी शर्टाच्या आतल्या खिशात.